दादीचे माहेर असोदा

माझ्या दादीच्या आधार कार्डावर जन्मतारीख १ जानेवारी १९३६ अशी आहे. आमच्या मोहल्ल्यातल्या तिच्या वयाच्या बहुतेक बायकांची जन्मतारीख १ जानेवारीच आहे. नोंद करणाऱ्याने वय विचारले, घरातल्या कोणीतरी अंदाजाने सांगितले, त्याने साल मांडले आणि तारखेच्या जागी १ जानेवारी लिहून टाकले. दादीला विचारले तर ती म्हणते, "कपास की चुनाई चल रही थी, तब मैं पैदा हुई." आमच्याकडे कपाशीची वेचणी दिवाळीच्या मागेपुढे जोरात असते. म्हणजे कार्डावरची तारीख चुकीची आणि दादीच्या आठवणीतली बरोबर. पण बँकेत, दवाखान्यात, रेशनच्या दुकानात कार्डावरचीच तारीख चालते.

दादीचे माहेर असोदा. जळगावपासून पाच-सहा किलोमीटरवरचे गाव. भरताच्या वांग्यांसाठी ते साऱ्या खानदेशात ओळखले जाते. पण महाराष्ट्राला हे नाव माहीत झाले ते एका बाईमुळे. बहिणाबाई चौधरी यांचेही माहेर असोदाच.

मी उर्दू माध्यमाच्या शाळेत शिकवते. आमच्या मुलींना मराठी हा विषय असतो. काही वर्षांपूर्वी वर्गात बहिणाबाईंची कविता शिकवत होते. कवयित्रीचा परिचय सांगताना सहज बोलून गेले, "माझ्या दादीचं माहेरही असोद्याचंच." मुलींना मजा वाटली. मागच्या बाकावरची एक मुलगी उठून म्हणाली, "मॅडम, आप की दादी को भी पढना नहीं आता?" मी म्हटले, नाही. "गाना आता?" मी म्हटले, येत होते. मग तिने विचारले, "तो उन का गाना किताब में क्यों नहीं है?"

वर्ग हसला, मीही हसले आणि पुढच्या कडव्याकडे वळले. पण तो प्रश्न माझ्याबरोबर घरी आला. या लेखात त्याचे उत्तर शोधण्याचा प्रयत्न केला आहे.

बहिणाबाईंचा जन्म १८८० सालचा, असोद्याच्या महाजन घराण्यातला. वडील उखाजी, आई भिमाई. तेराव्या वर्षी नथूजी खंडेराव चौधरी यांच्याशी लग्न होऊन त्या जळगावच्या चौधरी वाड्यात आल्या. काशी ही मुलगी, ओंकार आणि सोपान हे दोन मुलगे. तिशीत वैधव्य आले. काळही कठीण होता. १८९६-९७ आणि १८९९-१९०० हे दोन मोठे दुष्काळ, आणि १८९६ पासून मुंबई इलाख्यात पसरलेला प्लेग. त्या प्लेगने ओंकारला कायमचे अपंग केले. शेतीचे कष्ट, घरातल्या वाटण्या, मुलांचे संगोपन, हे सारे त्यांनी ओढले. शाळेचे तोंड त्यांनी पाहिले नव्हते. पण शेतात, चुलीपुढे, दळताना त्या गाणी म्हणत. ती त्यांची स्वतःची असत, तिथल्या तिथे सुचलेली.

या गाण्यांत काय आहे? पेरणी आहे, कापणी आहे, मोट आहे, चुलीचा धूर आहे, सुगरणीचा खोपा आहे, बांधावरचे झाड आहे. माहेरची वाट आहे. ज्याला आपण तत्त्वज्ञान म्हणतो तेही आहे, पण ते भाकरी थापता थापता आलेले. मन कसे आवरत नाही, श्वास थांबला की माणसाचे काय उरते, माणूस असून माणसासारखा का वागत नाही, असे प्रश्न त्या विचारतात. जळगावचा छापखाना पाहून त्यांनी गाणे रचले आहे. कोरा कागद छापून निघतो आणि शहाणा होतो याचे त्यात नवल आहे. स्वतःला अक्षर ओळखता येत नसलेल्या बाईने छापखान्याबद्दल इतक्या मोकळेपणाने बोलावे, याचे मला दर वेळी आश्चर्य वाटते. त्यात हेवा नाही आणि स्वतःबद्दलची कीवही नाही.

वैधव्यानंतरचे त्यांचे एक गाणे आहे. कपाळावरचे कुंकू पुसले गेल्यावर खाली दडलेली नशिबाची रेघ उघडी पडली, असे त्यात त्या सांगतात. ज्योतिषाला त्या आपल्या दारी येऊ नको म्हणून बजावतात. हे गाणे वाचले की मला दादी आठवते. दादीची पहिली मुलगी सव्वा वर्षाची होऊन गेली. तेव्हा कोणी फाल काढणारा दारात आला आणि 'पुढचे मूल जगेल की नाही ते सांगतो' म्हणाला. दादीने त्याला पाणी पाजले आणि म्हणाली, "गैब की बात अल्लाह जाने. तू अपना रस्ता पकड." पुढे पस्तिशीच्या आतच दादाजी गेले. इद्दतीचे चार महिने दहा दिवस दादी आतल्या खोलीत बसली आणि त्यानंतर थेट दुसऱ्याच्या शेतात कपाशी वेचायला गेली. एक बाई विठ्ठलाचे नाव घेणारी, दुसरी पाच वेळ नमाज पढणारी. दोघींचे गाव एक, दोघींचे दुःख एका जातीचे, आणि दुःखात दोघींनी दारातल्या भविष्यवाल्याला दिलेले उत्तरही जवळपास सारखेच. दादीने बहिणाबाईंना पाहिलेले नाही, त्यांचे गाणेही तेव्हा तिच्या कानावर आले नव्हते. ३ डिसेंबर १९५१ रोजी बहिणाबाई जळगावात वारल्या तेव्हा दादी पंधरा-सोळा वर्षांची होती.

मग एकीचे गाणे पुस्तकात का आणि दुसरीचे का नाही? माझ्या विद्यार्थिनीच्या प्रश्नाचे पहिले उत्तर साधे आहे. बहिणाबाई फार मोठ्या प्रतिभेच्या होत्या. माझी दादी कवयित्री आहे असा दावा मी करत नाही. पण दुसरेही एक उत्तर आहे आणि ते आपल्या कामाचे आहे. बहिणाबाईंच्या घरात लिहून घेणारे होते.

त्यांचा मुलगा सोपानदेव चौधरी शिकला, पुढे स्वतः नामवंत कवी झाला. सोपानदेव आणि त्यांचे मावसभाऊ पितांबर चौधरी यांनी आईची गाणी वेळोवेळी कागदावर टिपून ठेवली. आई गेल्यावर सोपानदेवांनी ती आचार्य अत्र्यांना दाखवली. दाखवताना त्यांना संकोच वाटत होता. खेड्यातल्या अडाणी बाईची गाणी, तीही बोलीतली, लोक काय म्हणतील? अत्रे वाचून थक्क झाले. त्यांच्या प्रस्तावनेसह १९५२ साली 'बहिणाबाईंची गाणी' हे पुस्तक निघाले. १९६१ साली 'मानिनी' या चित्रपटातून त्यांचे शब्द घरोघर पोहोचले. २०१८ साली जळगावच्या विद्यापीठाला त्यांचे नाव देण्यात आले. ज्या बाईला सही करता येत नव्हती तिचे नाव आज हजारो मुलामुलींच्या पदवीवर छापले जाते.

आणि तरीही, त्यांनी आयुष्यभर म्हटलेल्या साऱ्या गाण्यांची नोंद झालेली नाही. जी कोणी टिपली ती राहिली. जी शेतातल्या वाऱ्यावर म्हटली गेली आणि जवळ लिहिणारे कोणी नव्हते, ती गेली. सोपानदेवांनी संकोचाने ते कागद पेटीतच ठेवले असते, तर असोदा आज फक्त वांग्यांसाठी ओळखले गेले असते.

लिहून घेण्याचे हे पुण्य खानदेशात आणखी एकदा घडले आहे. १९३२ साली धुळ्याच्या तुरुंगात विनोबा भावे दर रविवारी गीतेवर बोलत. अशी अठरा प्रवचने झाली. ऐकणाऱ्या कैद्यांमध्ये साने गुरुजी होते आणि ते सारे लिहून घेत होते. त्यातूनच 'गीता प्रवचने' हे पुस्तक झाले. हेच साने गुरुजी त्यापूर्वी अमळनेरच्या प्रताप हायस्कूलमध्ये शिक्षक होते. बायकांच्या तोंडच्या ओव्या त्यांनी 'स्त्री जीवन'मध्ये गोळा केल्या आणि 'इस्लामी संस्कृती' हे पुस्तकही लिहिले. शिक्षक म्हणून मला त्यांचा अभिमान वाटतो आणि थोडी लाजही वाटते. त्यांच्या हाती फळा आणि खडू होता, माझ्याही हाती आहे.

आता आपल्या इतिहासाकडे येऊ. पुढचे लिहिताना एक गोष्ट स्पष्ट करते. अल्लाहच्या कलामाची तुलना कोणत्याही माणसाच्या शब्दाशी होत नाही आणि ती मी करत नाही. पण लिहून ठेवण्याची गरज माणसाला कशी आणि कधी कळते, याचा धडा मला त्या इतिहासात दिसतो. हजरत मुहम्मद पैगंबर (स.) उम्मी होते, त्यांनी लिहिणे-वाचणे शिकलेले नव्हते. त्यांच्यावर उतरलेल्या पहिल्याच आयतींमध्ये वाचण्याचा हुकूम आहे आणि कलमाचा उल्लेख आहे. कुरआन लोकांनी छातीत जतन केले, आणि त्याचबरोबर खजुराच्या फांद्यांवर, पातळ दगडांवर, कातड्यावर, हाडांवर लिहूनही ठेवले. पैगंबरांच्या (स.) वफातीनंतर थोड्याच काळात यमामाची लढाई झाली. त्यात कितीतरी हाफिज शहीद झाले. तेव्हा हजरत उमर (रजि.) यांना काळजी वाटली की असेच हाफिज जात राहिले तर काय होईल? त्यांनी हजरत अबू बक्र (रजि.) यांना सारे एकत्र लिहून काढण्याचा आग्रह धरला. खलिफा आधी कचरले. जे काम स्वतः पैगंबरांनी (स.) केले नाही ते आपण कसे करावे? पण अखेर पटले, आणि हजरत जैद बिन साबित (रजि.) यांच्यावर ते काम सोपवण्यात आले. ते लिखित सहिफे पुढे उम्मुल मोमिनीन हजरत हफ्सा (रजि.) यांच्याकडे जतन होते. ती अमानत एका स्त्रीच्या घरात होती, हे मी मुलींना नेहमी सांगते.

एकदा हे सांगताना एका मुलीने विचारले होते, "मॅडम, मराठी में कॉपी को वही बोलते, तो क्या ये अपनी वही से आया?" मी सांगितले, नाही, दोन्ही शब्द अगदी वेगळे आहेत, कानाला फक्त सारखे लागतात. पण त्या मुलीने त्या दिवसापासून मराठीची वही जमिनीवर ठेवणे सोडले. मी तिला अडवले नाही.

पाठांतरावर आपला विश्वास मोठा आहे आणि तो असायलाच हवा. पण ज्यांचे सारे शिक्षण पाठांतरावर चालले, त्यांनाही शेवटी लेखणी घ्यावीशी वाटली. याद राहील या भरवशावर त्यांनी सोडून दिले नाही. मग आपण आपल्या घरातल्या गोष्टी कोणत्या भरवशावर सोडतो?

दादीच्या गाण्यांचा विषय घरात निघाला तेव्हा एका नातेवाइकाने नापसंती दाखवली. बायकांचे गाणे कशाला लिहायचे, ते काही दीनचे काम नव्हे, असे त्यांचे म्हणणे. त्यांना मी दख्खनचा इतिहास सांगितला. विजापूरकडच्या सूफी बुजुर्गांच्या परंपरेत 'चक्कीनामा' आणि 'चरखानामा' असे काव्यप्रकार होते. दख्खनी बोलीत, बायकांनी दळताना आणि सूत कातताना म्हणावेत म्हणून रचलेले. जात्याच्या उभ्या खुंट्यात अलिफ पाहायचा, त्यावरून अल्लाहचे नाव आठवायचे, मधल्या आसाला पैगंबरांच्या (स.) नावाशी जोडायचे, अशी त्यांची रीत. दाणा पडतो, पीठ होते, त्याबरोबर जिक्र चालतो. रिचर्ड ईटन या अभ्यासकाने १९७४ साली या गाण्यांवर लेख लिहिला. दख्खनच्या घराघरांत इस्लामची ओळख पोहोचली त्यात दळणाऱ्या बायकांचा वाटा मोठा होता, असे त्यांनी दाखवले. ज्या ओवीच्या चालीवर शेजारची बाई विठ्ठल आळवीत होती, त्याच जात्याच्या लयीवर आपली बाई अल्लाहचे नाव घेत होती. श्रीगोंद्याच्या शेख महंमदांनी १६४५ मध्ये 'योगसंग्राम' पूर्ण केला, तो मराठीत. आपल्या बुजुर्गांना बायकांचे जाते आणि लोकांची बोली यांचा कमीपणा वाटला नाही. आपल्याला का वाटावा?

दादीही दळायला बसताना बिस्मिल्लाह म्हणूनच पहिली मूठ घालायची. मग दरूद आणि मग गाणे. जात्याला ती घरातल्या माणसांशी बोलताना चक्की म्हणते आणि शेजारणीशी बोलताना घरोट. घरोट हा बहिणाबाईंच्या गाण्यातलाही शब्द आहे. त्यांच्या भाषेला पुष्कळ लोक सरसकट अहिराणी म्हणतात. जाणकार सांगतात की ती असोदा-जळगाव-भुसावळ पट्ट्यातली लेवा बोली. या बोलीत 'ळ' चा 'य' होतो. केळी म्हणजे केयी, जळगाव म्हणजे जयगाव. दादी आमच्याशी बोलताना 'जलगाँव' म्हणते आणि भाजीवालीशी बोलताना 'जयगाव'. जनगणनेत आम्ही मातृभाषा उर्दू सांगतो, आणि ते खोटे नाही. पण दादी जी भाषा बोलते ती उर्दूच्या पुस्तकात नाही आणि मराठीच्या पुस्तकातही नाही. तिचे गाणे न लिहिले जाण्याचे हेही एक कारण आहे. उर्दू शिकलेल्याला ती बिघडलेली उर्दू वाटली, मराठी शिकलेल्याला बिघडलेली मराठी वाटली. अडाणी बाईच्या बोलीतले गाणे म्हणून सोपानदेवांना जो संकोच वाटला होता, तोच आम्हालाही वाटला. फरक एवढाच की त्यांनी तो ओलांडला.

खानदेशात आपला लिखित इतिहास नाही असे नाही. चौदाव्या शतकाच्या अखेरीपासून १६०१ पर्यंत इथे फारुकी सुलतानांचे राज्य होते. तापीकाठच्या थाळनेरला त्यांच्या कबरी आहेत. पुढे त्यांनी बुऱ्हाणपूर वसवले आणि सूफी संत बुरहानुद्दीन गरीब यांचे नाव त्या शहराला दिले. तिथल्या जामा मशिदीत सोळाव्या शतकाच्या अखेरचा शिलालेख आहे आणि अरबीबरोबर संस्कृतातही मजकूर कोरलेला आहे. लहानपणी एका लग्नाला बुऱ्हाणपूरला गेलो होतो तेव्हा अब्बूंनी मला ती अक्षरे दाखवली होती. दादीही बरोबर होती. तिने दोन्ही लिप्यांवरून हात फिरवला आणि म्हणाली, "दोनों अच्छे दिखते." तिला दोन्ही सारख्याच न कळणाऱ्या होत्या. राजांचे दोन-दोन भाषांत दगडावर कोरून ठेवले गेले. त्याच मुलखात कपाशी वेचणाऱ्या, शेंगा फोडणाऱ्या, गोधड्या शिवणाऱ्या बायकांचे एका भाषेत कागदावरही आले नाही.

आमच्या गल्लीत पिठाची गिरणी आली, घरोट अंगणात उलथे पडले आणि गाणी थांबली. महाराष्ट्रभर हेच झाले. बायकांची पाठदुखी गेली, पहाटेची झोप मिळाली, हे चांगलेच झाले. जाते परत आणा असे मी म्हणणार नाही, मला स्वतःला पाव किलो डाळ भरडता येणार नाही. पण गाणी हाताच्या त्या फिरण्याला बांधलेली होती. हात थांबले तशी ती विसरत गेली. हेमा राईरकर आणि गी पॉइटविन यांनी गेल्या शतकाच्या अखेरच्या दशकांत गावोगावी फिरून बायकांच्या लाखाहून अधिक ओव्या नोंदवून घेतल्या, हे केवढे मोठे काम! पण प्रत्येक गल्लीत कोणी बाहेरून येऊन लिहून घेईल अशी वाट पाहता येत नाही.

आता माझी चूक सांगते. मी बी.एड. करत होते तेव्हाची गोष्ट. पावसाळ्याची रात्र होती, वीज गेलेली. माझ्या चुलतबहिणीचे बाळ रडत होते. दादीने ते मांडीवर घेतले आणि एक अंगाई म्हटली. ती मी आधी कधीच ऐकली नव्हती. त्यात असोद्याची वाट होती, वाटेवरची विहीर होती आणि एक लहान मुलगी होती, जी मामाच्या घरी जायला निघते आणि पोहोचत नाही. बाळ झोपले. दादी बराच वेळ तशीच मांडी हलवत राहिली. कोणी काही बोलले नाही. आम्हाला सगळ्यांना कळले की ती कोणासाठी रचलेली होती. माझ्या उशाशी तेव्हा पाठ-टाचणाची वही आणि पेन होते. बाल-मानसशास्त्राचा पेपर जवळ आला होता. उद्या लिहून घेऊ म्हटले. मग परीक्षा आली, नोकरी आली, लग्न झाले, मुले झाली.

विद्यार्थिनीने तो प्रश्न विचारला त्या रविवारी मी कोरी वही घेऊन दादीपाशी बसले. म्हटले, "दादी, वो असोदेवाली लोरी बोलो ना." ती विचार करत राहिली. "कौनसी लोरी?" मी विहिरीची आठवण दिली, वाटेची दिली. मुलीची द्यायला धीर झाला नाही. ती म्हणाली, "होगी. अब याद नहीं बेटा." मग थोड्या वेळाने, "तेरे पास लिखी होगी ना?"

त्या प्रश्नाला मी काहीच उत्तर दिले नाही.

दादी आता बरेच विसरते. जेवली की नाही हे विसरते. नमाज खुर्चीवर बसून पढते आणि रकात विसरते. म्हणून घरातले कोणीतरी शेजारी बसते. चौथ्या रकातीला मी तिच्या गुडघ्याला हळूच हात लावते, मग ती सलाम फेरते. दुआ मागताना मात्र तिला सारी नावे आठवतात. माहेरच्या मेलेल्यांची, सासरच्या मेलेल्यांची, शेजारणींचीही. त्या यादीत पाचव्या-सहाव्या जागी सव्वा वर्षाच्या एका मुलीचे नाव येते. अंगाई गेली, नाव राहिले आहे. मी पस्तिशी ओलांडली. कानशिलाजवळचे पांढरे केस मेंदीने लपवते, फळ्यावर लिहिताना कधीकधी साधा शब्द अडतो. तेव्हा कळते की विसरणे काही फक्त म्हाताऱ्यांच्या घरी येत नाही.

त्यानंतर मी दोन गोष्टी केल्या. एक म्हणजे दादीची वही चालू केली. रोज काही मिळत नाही. कधी एखादी म्हण, कधी भाजीचे नाव, कधी कपाशी वेचताना म्हणायच्या गाण्याचा अर्धा तुकडा, कधी नुसते "आज नहीं". जे मिळते ते तिच्याच शब्दांत लिहिते, व्याकरण सुधारत नाही. दुसरी गोष्ट शाळेत. उन्हाळ्याच्या सुट्टीत मुलींना अभ्यास दिला की दादीला किंवा नानीला विचारून एक गोष्ट लिहून आणायची, ती बोलते तशीच. लिपी तुमच्या मर्जीची. बहुतेकींनी उर्दूत लिहिले. तपासताना गंमत झाली. उर्दू लिपीत 'ळ' नाही, 'ण' नाही. 'डोळा' लिहायला एकीने लामवर छोटा गोल काढला होता, दुसरीने सरळ देवनागरी ळ मध्येच बसवला होता. चारजणींच्या वहीत तो एकटा ळ उर्दूच्या ओळीत उभा होता. नियमाप्रमाणे मी तिथे लाल शाईची खूण करायला हवी होती. मी केली नाही. त्या मुलींनी आपल्या नानीचा आवाज वाचवण्यासाठी एक अक्षर उसने घेतले होते.

एकीने लिहून आणले की तिच्या नानीला वयाच्या आठव्या वर्षी शाळेत घातले होते आणि पंधरा दिवसांनी धाकट्या भावाला सांभाळायला काढून घेतले. "मेरी नानी को अलिफ से जीम तक आता है," असे त्या मुलीने लिहिले होते. मराठीत आपण अशा बाईला एका शब्दात निरक्षर म्हणून मोकळे होतो.

या अंकाचे वाचक शिकलेले आहेत. आपल्यात शिक्षक आहेत, वकील आहेत, डॉक्टर आहेत, दोन-तीन लिप्या लिहिणारे आहेत. मागच्या पिढीत घराघरांत सांगणाऱ्या होत्या, लिहिणारे नव्हते. आज लिहिणारे आहेत आणि सांगणाऱ्या थोड्या उरल्या आहेत. मोबाइलमध्ये आवाज भरून घेता येतो, तेही करावे. पण वही घेऊन समोर बसले की म्हाताऱ्या माणसाला आपले ऐकले जाते आहे असे वाटते आणि ते अधिक बोलते, हा माझा अनुभव आहे. आपल्याकडून निघणारे सारे काही बहिणाबाईंच्या तोडीचे असेल असे नाही. तसे असायची गरजही नाही. सोपानदेवांनी आईची गाणी टिपली तेव्हा ती एक दिवस विद्यापीठापर्यंत जातील हे त्यांना कुठे माहीत होते? आई म्हणत होती, मुलगा लिहीत होता, एवढेच.

परवा दादीने माझी वही हातात घेतली, उलटी धरली, पाने चाळली. "इतना सब मैंने बोला?" तिने विचारले. मी हो म्हटले. तिने एका ओळीवर बोट ठेवले आणि म्हणाली, "ये क्या लिखी?" मी वाचून दाखवले. ती कपाशीच्या वेचणीबद्दलची, तिच्या जन्माची ओळ होती. दादी ऐकत राहिली आणि मग तिने मला दुरुस्त केले, "चुनाई नहीं, दूसरी चुनाई लिख. पहली तो हो गई थी."

मी लिहिले.